रविवारी कायदा बंद

आमच्या बिल्डिंगमध्ये ओहोळ सरांकडे काम असलं की लोक आधी कॅलेंडर बघत. सर घरी आहेत का, जेवले का, झोपलेत का, हे सगळं नंतर. आधी वार.

मी नवी होते तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या बाल्कनीत वरच्यांचे ओले कपडे ठिबकायचे. बिल्डिंगचे नियम आणि तक्रारी सरांकडेच असत, म्हणून मी एका सोमवारी त्यांच्याकडे गेले. सर घरात टाय लावून बसले होते. सत्तरीचा माणूस, पायात रबरी चपला आणि गळ्यात टाय. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला आणि वाचला, "नियम चार. ओले कपडे खाली ठिबकता कामा नयेत. शिक्षा, कपडे जप्त." मी खूश होऊन घरी आले. मंगळवारी जिन्यात भेटले तर टाय गायब आणि चेहरा पडलेला. म्हणाले, "कुलकर्णी, सहा माणसांचे कपडे, बाल्कनी एक, आणि त्या बाईला मी नियम चार वाचून दाखवू? तुम्हाला रात्री झोप कशी लागली?" मला चांगली लागली होती. पण तसं सांगायची सोय नव्हती.

सरांनी तीस वर्षं संध्याकाळच्या एका लॉ कॉलेजात विधिशास्त्र शिकवलं होतं. म्हणजे कायदा कसा चालवायचा ते नव्हे, कायदा म्हणजे मुळात काय आणि तो कशाला हवा, ते. दिवसभर कचेरीत कलमं खरडून आलेली मुलं समोर डुलक्या घ्यायची, त्यांना सिद्धांत पाठ होईनात. म्हणून सरांनी एकेका वारी एकेक सिद्धांत जगून दाखवायला सुरुवात केली. रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. निदान आम्हाला सांगितलेली हकीकत ही अशी होती.

सोमवारी कायदा म्हणजे हुकूम. ज्याच्या हातात शिक्षा त्याचा शब्द, तो बरा की वाईट हे विचारायचं नाही. मंगळवारी अन्यायाचा कायदा हा कायदाच नव्हे. त्याच्याहून मोठा कायदा माणसाच्या आत असतो. बुधवारी पुस्तकं झूठ, न्यायाधीश आज काय करेल याचा अंदाज म्हणजे कायदा, आणि ते त्याने सकाळी काय खाल्लं यावर असतं. गुरुवारी कायदा कोणी करत नाही, तो लोकांच्या रीतीभातीतून आपसूक उगवतो. शुक्रवारी बळी तो कान पिळी, फक्त टाइप करून. शनिवारी जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, आणि त्यासाठी कानावर पेन्सिल. रविवारी सर कोट घालून चर्चला जात. त्या दिवशी कोणी काही विचारलं तर एकच उत्तर मिळे, "रविवारी कायदा बंद. आज मी कोणी नाही."

साध्या कामाला त्या त्या दिवसाचं उत्तर मिळायचं. शिडी हवी असेल तर मंगळवारी मागावी, सोमवारी अर्ज लिहून द्यावा लागे. तक्रार मात्र सहाही दिवस फिरायची. रोज सकाळी आठला, लोक ऑफिसला निघायच्या आत, सर जिन्याच्या तळाशी उभे राहून त्या दिवसाचं मत वाचणार आणि लाल कापडी पाठीच्या जाडजूड रजिस्टरात लिहिणार. शनिवारी संध्याकाळी ज्या बाजूला जास्त मतं तो निकाल. तीन-तीन झाली की "तारीख पुढे", म्हणजे सोमवारपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझे ओले कपडे थेट थंडी पडेपर्यंत चालले. हे "तारीख पुढे" त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की भाजीवाल्याने "बाबूजी, भिंडी?" विचारलं तरी ते "तारीख आगे" म्हणून दार लावायचे.

एकदा जानेवारीत आम्ही दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, गेलो होतो. सगळे हात जोडून उभे, काहींचे डोळे भरलेले. कोणीतरी विचारलं, "सर, चूक कोणाची होती हो?" सरांनी विचारलं, "आज वार कोणता?" शुक्रवार होता. "मग चूक कोणाची ते जिंकणारा ठरवतो," असं म्हणून ते शेंगदाणे खात बसमध्ये जाऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

आमची मिनी तेव्हा आठ वर्षांची. दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदी. शाळेत निघताना ती रोज विचारायची, "आई, ओहोळ अंकल आज कौनसे वाले आहेत?" आम्ही सगळे हसायचो. पत्नी वारलेली, मुलगी कुठेतरी बाहेर असते, एकट्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा, असं म्हणून सोडून द्यायचो. पुढे एक आठवडा असा आला, की तेव्हा कोणाला हसू आलं नाही. मला तर नाहीच.

त्याला कारण मीच. आमची बिल्डिंग दिल्लीतल्या मुनिरक्यात, तिथल्या जुन्या गावाच्या समोरच्या बाजूला. सहा बिऱ्हाडं. तळाला ओहोळ सर, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर भाटियाजी, आणि त्यांच्या वर गच्चीत एकच खोली. दिल्लीत तिला बरसाती म्हणतात. ती सगळ्यांची सामायिक. तिच्याबद्दल सरांनीच लिहिलेला नियम सात असा होता, की बरसाती फक्त बिल्डिंगमधल्या कोणाच्या तरी नातेवाइकाला द्यायची.

माझी उदगीरची शाळेतली मैत्रीण खुर्शीद. दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो. तिची मुलगी नसरीन दिल्लीत लॉ करत होती आणि न्यायाधीशाच्या परीक्षेला बसणार होती. तिला अभ्यासाला खोली हवी होती. समोरच्या गावात तिला पाच खोल्या दाखवल्या गेल्या. पाचही ठिकाणी आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं, मग नाव विचारलं. नाव सांगितलं की, "अरे बेटा, कमरा तो अभी-अभी उठ गया." पोरगी हे हसत सांगत होती, त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, उचल सामान आणि चल माझ्याकडे.

जिन्यात भाटियाजी भेटले. "कौन है, मैडम?" मागून नसरीन म्हणाली, "मावशी, ही ट्रंक कुठं ठेवू?" मी म्हटलं, "भांजी है." मी खोटं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आईची मैत्रीण मावशी नाही तर कोण? घरात तिला सगळे नसू म्हणायचे, मीही नसूच म्हणायची. चार महिने काही झालं नाही. भाटियाजींची बायको तिला वाटी भरून गाजर हलवा पाठवायची.

मग मे महिन्यात परीक्षेचं हॉल तिकीट पोस्टाने आलं आणि चुकून भाटियाजींच्या पेटीत पडलं. ते पाकीट घेऊन ते माझ्या दारात आले. आवाज चढवला नाही. पाकीट दोन बोटांत धरून म्हणाले, "मैडम, आपकी भांजी शेख कैसे हो गई?"

मी बाकाची, डब्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "देखिए, धर्म की बात नहीं है. झूठ की बात है. नियम की बात है," म्हणाले आणि सरांकडे लेखी तक्रार टाकली. मुलीने शनिवारी संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करावी. परीक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी होती. आमचे हे तेव्हा बदलीवर गुवाहाटीला. मी, मिनी आणि वर ती पोरगी. मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी आठला सर टाय लावून जिन्याखाली उभे राहिले. "नियम सात स्पष्ट आहे. केला मी. मोडला कुलकर्णींनी. खोली रिकामी करावी." रजिस्टर मिटलं. मी पायऱ्या उतरून त्यांच्यापुढे गेले. "सर, तुम्हाला कोणी कधी नाव ऐकून खोली नाकारली नाही?" जेकब ओहोळ हे नाव घेऊन नगरहून दिल्लीत आलेला माणूस तो. त्यांनी टायची गाठ सारखी केली. "आज सोमवार आहे, कुलकर्णी. आज माझ्या मनात काय आहे ते विचारू नका."

वर गेले तर नसरीनने ट्रंक भरून दाराशी ठेवली होती आणि तिच्यावरच बसून वाचत होती. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "बांधलेलं असू दे मावशी. परत परत बांधत बसायला लागत नाही." मला रडू आलं, तर उलट तीच मला पाणी द्यायला उठली.

मंगळवारी सरांचा आवाज कापरा होता. "परीक्षेला बसलेल्या पोरीला दाराबाहेर काढतो तो नियम नव्हे, तो नुसता कागद. राहावी." एकास एक.

बुधवारची धास्ती मला आधीपासून होती. बुधवार म्हणजे न्यायाधीशाचं पोट. भाटियाजींनाही हे पक्कं ठाऊक. सकाळी सातला त्यांच्याकडून मुळ्याचे पराठे आणि लोण्याचा गोळा खाली गेला. मी काय कमी आहे? मी सहालाच थालीपीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पोचवला होता, माझ्या हाताचा, झणझणीत. सरांनी दोन्ही घरांचा मान राखून सगळं संपवलं. आठ वाजता ते आले ते पोटावर हात धरून. "न्यायाधीशाच्या छातीत जळजळ होते आहे," त्यांनी वाचलं. "अशा वेळी न्यायाधीश नवा विचार करत नाही, आहे तो नियम धरून खाली बसतो. खोली रिकामी करावी." माझ्या ठेच्याने घात केला. त्या दिवशी ऑफिसात मी एक फाइल उघडून तिच्याआड तासभर रडले. सेक्शनमधल्या लोकांना वाटलं, फाइलच तशी असेल.

गुरुवारी सर घरोघर फिरले. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "तुम्ही आईच्या मैत्रिणीला काय म्हणता?" मिनीने सांगितलं, "मावशी. नाहीतर आंटी." भाटियाजींच्या दारात त्यांची बायको कणीक मळता मळता म्हणाली, "मासी. हम तो मासी ही कहते थे, और क्या कहेंगे?" भाटियाजी वर्तमानपत्रामागून तिच्याकडे बघत राहिले. सरांनी वाचलं, "आईची मैत्रीण ती मावशी, अशी रीत या बिल्डिंगमध्ये तक्रारदाराच्या घरासकट सिद्ध झाली. मावशीची ती भाची. राहावी." दोनास दोन.

शुक्रवारी सर रजिस्टरात न बघता बोलले. "नियम सात मी लिहिला तेव्हा खोली लागणाऱ्यांपैकी कोणाला विचारलं नव्हतं. खोली असणाऱ्यांनाच विचारलं होतं. राहावी."

तीनास दोन. मी बोटांवर हिशेब केला. शनिवारचं मत बाजूने पडलं तर जिंकलो. विरुद्ध पडलं तर तीन-तीन, तारीख पुढे, आणि तोपर्यंत परीक्षा होऊन जाईल. म्हणजे काही झालं तरी नसू सुटली. त्या संध्याकाळी मी शिरा केला. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

शनिवारी सरांनी कानावरची पेन्सिल काढली. आदल्या संध्याकाळपासून ते कोण किती अस्वस्थ याची घराघरांतून टिपणं करत होते. "चार बिऱ्हाडं अस्वस्थ. कुलकर्णींचं घर आणि ती मुलगी, ही दोघं स्वस्थ. बेरीज मुलीच्या विरुद्ध जाते. खोली रिकामी करावी." मग संध्याकाळी सगळ्यांना बोलावून निकाल वाचला. "तीन विरुद्ध तीन. तारीख पुढे."

आठवडाभर गप्प राहिलेले भाटियाजी तेव्हा बोलले. बरसातीकडे जाणारा जिना त्यांच्या दाराशी सुरू होतो आणि तिथे त्यांनी स्वतः बसवलेलं जाळीचं दार आहे. "कल लड़की परीक्षा देने जाएगी ना? जाए. मैं नहीं रोकूँगा. उसके जाते ही गेट पर ताला लगेगा. आपकी तारीख आप रखिए." एकेक जण आपापल्या घरात गेला.

नसरीन मला म्हणाली, "मावशी, मग मी ट्रंक घेऊनच जाते सेंटरला."

"परीक्षेला ट्रंक घेऊन बसू देतात का? माझ्या घरात ठेव आणि तूही तिथेच ये."

"नाही. आणि खाली राहायला आले तर माझ्यापायी तुमच्या घरावर तक्रार येईल. मग राहू दे परीक्षा. पुढच्या वर्षी बघू."

हे "राहू दे" तिने इतकं सहज म्हटलं, की माझं डोकं फिरलं. मी तडक खाली गेले आणि सरांचं दार वाजवलं. दार अर्धं उघडलं. मी सांगितलं, सर, आता तुम्हीच काहीतरी करा. ते म्हणाले, "मत दिलं, निकाल दिला. उद्या रविवार, कुलकर्णी. उद्या मी कोणी नाही."

मग माझा तोल गेला. "सर, तुम्हाला सहाच्या सहा कायदे पाठ आहेत, पण माणूस एकही पाठ नाही. म्हणून तर एकटे राहता." हे शेवटचं बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दार हळूच लावून घेतलं.

रविवारी सकाळी साडेसहाला मी वाटीत दही-साखर घेऊन वर निघाले. काहीही करून पोरीला परीक्षेला धाडायचंच, कुलपाचं मग बघू, असं ठरवलं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि थबकले. जाळीचं दार पुरतं उघडं, आणि बरोबर उंबऱ्यावर, दार कोणत्याही बाजूने लागणार नाही अशी, एक वेताची खुर्ची. खुर्चीत ओहोळ सर. चर्चचा काळा कोट, मांडीवर बायबल, शेजारी रजिस्टर, थर्मास आणि छत्री. छत्री कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

वरून नसरीन उतरली. सरांनी गुडघे जरा आत घेतले, ती कडेने अंग चोरून बाहेर आली. मी तिच्या हातावर दही घातलं. सर म्हणाले, "सोपे प्रश्न आधी. पाणी जवळ ठेव. आणि सामानाची काळजी करू नको, सामान कुठे जात नाही." ती वाकून नमस्कार करायला लागली तर म्हणाले, "उशीर होईल, निघ."

ती गेली आणि भाटियाजी कुलूप घेऊन बाहेर आले.

"सर, आज चर्च नहीं गए?"

"नहीं."

"यहाँ किस कानून से बैठे हैं?"

"आज इतवार है, भाटियाजी. कानून बंद है. आज मैं कोई नहीं हूँ."

मी भिंतीला टेकून उभी होते. भाटियाजींनी हात लावला असता तर खुर्ची सहज सरकली असती. सरांचं वजन ते काय? पण भाटियाजींनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं, परत या हातात घेतलं, आणि आत गेले. थोड्या वेळाने टीव्ही मोठ्यांदा सुरू झाला.

मे महिना. त्या जिन्यात वारा नावाला नाही. दहा वाजेपर्यंत सरांचा कोट काखेत भिजला. मी म्हटलं कोट काढा, ते नाही म्हणाले. सरबत दिलं ते घेतलं. मी म्हटलं, "सर, काल मी..." त्यांनी हात वर केला. "काल शनिवार होता," म्हणाले.

दुपारी भाटियाजींची बायको दार किलकिलं करून एक उशी बाहेर ठेवून गेली. दीडच्या सुमाराला सरांना खाली जाणं भाग पडलं. "कुलकर्णी, दहा मिनिटं तुम्ही बसा. काही झालं तरी उठायचं नाही." गुडघा धरत एकेक पायरी ते उतरले. मी खुर्चीत बसले. रजिस्टर माझ्या पायाशी होतं.

दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. पण मला वाटलं, नसूच्या पानावर काय लिहिलंय ते बघावं. उघडलं ते नेमकं पहिलं पान. शाई जुनी, करडी पडलेली.

अर्जदार, रूथ जेकब ओहोळ. विषय, लग्नाला संमती. मुलगा परधर्माचा.

सोमवार. हे घर माझं, इथे माझा शब्द चालतो. नामंजूर. निकाल आजच दिला.

मंगळवार. सरळ वागायला मीच शिकवलं, आणि सरळ येऊन विचारलं तर हाकललं. मंजूर.

बुधवार. सोमवारी माझं डोकं दुखत होतं. दुखत नसतं तर मंजूर.

गुरुवार. माझ्या आजोबांनी घरी न विचारता धर्म बदलला. घराण्यात रीत आहे. मंजूर.

शुक्रवार. बाप होतो म्हणून नाही म्हणू शकलो. दुसरं कारण सापडत नाही. मंजूर.

शनिवार. ती दोघं आणि तिची आई धरून तिघं खूश, मी एकटा नाखूश. मंजूर. एकूण पाच विरुद्ध एक. अर्जदारास कळवावे.

त्याखाली, रविवार. अर्जदार गैरहजर. तारीख पुढे.

त्याच्याखाली पुन्हा तेच. पान उलटलं, पुन्हा तेच. रविवार, अर्जदार गैरहजर, तारीख पुढे. पुढची पानंच्या पानं, शाई बदलत गेलेली, अक्षर हळूहळू मोठं आणि वाकडं होत गेलेलं. आमच्या ओल्या कपड्यांच्या, पंपाच्या, शिड्यांच्या तक्रारी वहीच्या मागच्या टोकाला होत्या. रजिस्टर त्यांच्यासाठी केलेलंच नव्हतं.

मिटायचं मला सुचलं नाही. सर वर आले तेव्हा ते माझ्या मांडीवर उघडंच होतं.

"वाचलंत?"

"हो."

ते भिंतीला धरून उभे राहिले. "सोमवार होता," म्हणाले. "ती सकाळी आली, मी त्याच दिवशी निकाल दिला. मंगळवारपर्यंत थांबायला हवं होतं."

"कॉलेजातली मुलं डुलक्या घ्यायची म्हणून..."

"घ्यायची. पण त्यासाठी कोण टाय लावतं, कुलकर्णी?"

मी विचारलं, मग कळवलं का नाही. ते म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी गेलो की. इथेच, समोर गावात तिने खोली घेतली होती. मालक म्हणाला, लड़की चली गई, कमरा तो उठ गया." एवढं बोलून त्यांनी मला खुणेनं उठवलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. मला माझ्या जिभेची लाज वाटली. मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सरबत आहे का अजून?"

पाच वाजून गेले. सव्वापाचला जिन्यात पावलं वाजली. नसरीन घामाने निथळत वर आली, उघडं दार बघितलं, खुर्ची बघितली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सकाळपासून तिने किती धीर धरला होता ते तेव्हा दिसलं. सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, तिला वाट दिली.

"कसा गेला?"

"बरा गेला, सर. एक प्रश्न होता, कायद्याच्या स्वरूपाविषयीचे सिद्धांत लिहा. तुमच्या वारांवरनं लिहिले. पण वेळ संपला, पाचच झाले."

"कोणता राहिला?"

"शनिवारचा."

"बरं झालं," सर म्हणाले.

ती ट्रंक उघडायला वर गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सर टाय लावून "खोली रिकामी करावी" हे मत पुन्हा वाचणार, शनिवारी पुन्हा तीन-तीन होणार, आणि नसू पास होऊन आपल्या पायांनी जाईपर्यंत ती तारीख अशीच पुढे पुढे जाणार, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं. भाटियाजींनी मात्र कुलूप पुन्हा बाहेर आणलं नाही.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्याउभ्याच नसरीनचं पान काढून त्यावर लिहिलं, "अर्जदार हजर." ते दोन शब्द लिहायला त्यांनी बराच वेळ घेतला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मला वाटलं, आता वही मिटतील. पण त्यांनी पानं मागे उलटली, पार पहिल्या अर्जाच्या तारखांपर्यंत, शेवटची ओळ शोधली आणि दर रविवारसारखंच तिच्याखाली लिहिलं, "अर्जदार गैरहजर. तारीख पुढे."

मग पेनाला टोपण लावलं, थर्मास आणि छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चला कुलकर्णी, खुर्चीला एक हात लावा. उद्या सोमवार. टायला इस्त्री करायची आहे."